गुडघ्याच्या कूर्चेला विश्रांतीपेक्षा वापर मानवतो

गुडघ्याच्या कूर्चेला इजा झाली की घरोघरी एकच सल्ला मिळतो: पाय हलवू नका. ताजी सूज असेपर्यंत तो ठीक आहे, पण महिनोन्‌महिने पाळला तर घातक ठरतो. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं, आणि दाब पडत-सुटत राहिला की तो द्रव तिच्यात नीट खेळतो. कॅनडाचे शल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर यांनी १९८० साली सशांवरच्या प्रयोगात दाखवलं, की हलत्या ठेवलेल्या सांध्यांतल्या कूर्चेच्या जखमा जखडलेल्या सांध्यांपेक्षा कितीतरी चांगल्या भरतात.

सशांचं माणसाला कसं लागू पडेल, ही शंका रास्त आहे. व्यायामाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवते, असं कुणी सांगितलं तर मुळीच विश्वास ठेवू नका. पण दुखणं कमी होतं, चालणं सुधारतं. गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटलेल्या आणि सांध्याची झीज असलेल्या ३५१ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सहा महिन्यांनी, शस्त्रक्रियेसह फिजिओथेरपी घेणारे आणि नुसती फिजिओथेरपी घेणारे यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. अर्थात दुसऱ्या गटातल्या सुमारे ३० टक्के लोकांनी मधेच शस्त्रक्रिया करून घेतली. व्यायाम सगळ्यांना पुरत नाही. गुडघा अडकत असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. बाकीच्यांनी फिजिओथेरपिस्टकडून शिकून पाय सरळ उचलणं, खुर्चीवरून उठबस घरी सुरू करावी. व्यायामाने थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी शमलं तर चालेल. सूज वाढली तर आवर्तनं कमी करा, व्यायाम सोडू नका.