विद्यापीठांची क्रमवारी : वाचावी कशी?

विद्यापीठांची क्रमवारी जाहीर झाली की वर्तमानपत्रांत अग्रगण्य संस्थांची नावे झळकतात आणि घरोघरी मुलांच्या प्रवेशाचा विचार त्या आकड्यांवरून सुरू होतो. म्हणून हा आकडा सिद्ध कसा होतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

क्रमांक म्हणजे निरनिराळ्या निकषांवरील गुणांची, प्रत्येकास ठरावीक भार देऊन केलेली बेरीज होय. समजा, 'अ' विद्यापीठास अध्यापनात ८० व संशोधनात ५० गुण आहेत; 'ब' विद्यापीठास अनुक्रमे ६० व ७५. दोन्ही निकषांना समान भार दिल्यास 'ब' ६७.५ गुणांनी पुढे जाते. 'अ' ६५ वर राहते. अध्यापनास ६० टक्के भार द्यावा, तो 'अ' ६८ वर आणि 'ब' ६६ वर! विद्यापीठांत तसूभरही पालट झाला नाही. क्रम मात्र उलटला. हा भार ठरवितो तो यादी करणारा. २००३ साली सुरू झालेल्या शांघायच्या यादीत माजी विद्यार्थी व अध्यापक यांच्या नोबेल आणि फील्ड्स पदकांस मिळून ३० टक्के भार आहे. वर्गात उत्तम शिकविणाऱ्या अध्यापकाचे मोल तेथे उमटणार कसे?

दुसरा प्रश्न माहितीच्या खरेपणाचा. बरीचशी माहिती संस्था स्वतःच पुरवितात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाच्या आकड्यांवर आक्षेप घेतला. विद्यापीठाने चुका मान्य केल्या आणि 'यू. एस. न्यूज'च्या यादीत ते दुसऱ्या स्थानावरून अठराव्यावर आले.

आपल्याकडे २०१६ पासून 'एनआयआरएफ' ही शासकीय क्रमवारी प्रसिद्ध होते. तीत संशोधनाची मोजणी ज्या आंतरराष्ट्रीय सूचींवरून होते, त्यांत इंग्रजी नियतकालिकांचे प्राबल्य आहे. हस्तलिखितांच्या संपादनात वा बोलींच्या अभ्यासात वर्षानुवर्षे खपणारा मराठी विभाग तेथे जवळजवळ अदृश्य राहतो. भाषेच्या अभ्यासकांना हे विसरून चालणार नाही.

मग क्रमवारी त्याज्य मानावी काय? तसे नव्हे. ढोबळ श्रेणी ओळखण्यास ती उपयोगी पडते. चाळिसावा आणि पन्नासावा यांतील निवड तिच्यावर सोपवू नये. एकूण क्रमांकापेक्षा घटकवार गुण पाहावेत. नंतर आपल्या विषयाच्या विभागात अध्यापक किती आहेत, ग्रंथालय कसे आहे, शुल्क किती, हे तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस विचारावे. या शाळेचे माजी विद्यार्थी गावोगावी आहेत. अशी चौकशी करणाऱ्यास त्यांनी मोकळेपणाने उत्तर द्यावे, एवढीच अपेक्षा.