क्रीडा छायाचित्रण : अचूक क्षणाची निवड

शालेय क्रीडा महोत्सव व ग्रामीण क्रीडास्पर्धा यांची छायाचित्रे ही त्या त्या संस्थेच्या दप्तरातील मोलाची नोंद होय. तथापि, अशा संग्रहात पारितोषिक वितरणाची छायाचित्रे विपुल आणि प्रत्यक्ष खेळाची थोडी, असे पुष्कळदा आढळते. वर्षभराच्या मेहनतीचे सार्थक ज्या क्षणी होते, नेमका तोच हुकतो. याचे कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल.

कळ केव्हा दाबावी?

डोळ्यांना दिसलेल्या घटनेस प्रतिसाद म्हणून बोट हलेपर्यंत साधारणतः सेकंदाचा पाचवा भाग उलटतो. सेकंदास १० मीटर या वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्या अवधीत २ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणूनच घटना दिसल्यावर नव्हे, तर ती घडण्याच्या किंचित आधी कळ दाबावी लागते. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू मध्यरेषेकडे केव्हा झेपावेल, खो-खोमध्ये पाठलाग करणारा खांबाजवळ केव्हा सूर मारील, याचा अंदाज खेळ जाणणाऱ्यासच बांधता येतो. या दृष्टीने क्रीडाशिक्षक हा उत्तम छायाचित्रकार होऊ शकतो.

उंच उडीत एक सवलत मिळते. उडीच्या सर्वोच्च बिंदूवर शरीराची वर जाण्याची गती शून्य होते. त्या बिंदूच्या आधीच्या व नंतरच्या मिळून सेकंदाच्या दहाव्या भागात शरीराची उंची जेमतेम सव्वा सेंटिमीटरने बदलते. हा क्षण साधल्यास छायाचित्र सुस्पष्ट येते.

सलग छायाचित्रणाची मर्यादा

कळ दाबून धरली असता एकामागून एक अनेक छायाचित्रे घेण्याची सोय आता भ्रमणध्वनीतही उपलब्ध आहे. मात्र तिच्यामुळे काहीच निसटत नाही, हा समज चुकीचा होय. सेकंदास १० छायाचित्रे आणि प्रत्येकासाठी सेकंदाचा हजारावा भाग असे प्रमाण धरल्यास एका सेकंदापैकी केवळ शंभरावा भाग टिपला जातो. उरलेले ९९ भाग निसटतात. ताशी १४४ किलोमीटर वेगाचा चेंडू दोन छायाचित्रांच्या दरम्यान ४ मीटर अंतर कापतो. सबब अपेक्षित क्षणाच्या किंचित आधी आरंभ करून तीनचार छायाचित्रांची छोटी मालिका घ्यावी, हे श्रेयस्कर.

निकालासाठी वापर नको

या मर्यादेचा संबंध न्यायाशीही आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. तिसऱ्या क्रमांकाची वेळ ५५.४१ सेकंद, तर उषा यांची ५५.४२ सेकंद होती. असा निर्णय देणारा कॅमेरा अंतिम रेषेवरील अरुंद पट्टीच अखंडपणे टिपत असतो. सेकंदास १० छायाचित्रे घेणाऱ्या साधनाच्या दोन छायाचित्रांमधील अवधी या फरकाच्या दहापट असतो. त्यामुळे अटीतटीच्या शर्यतीत अशा छायाचित्रांवरून क्रमांक ठरविल्यास एखाद्या मुलावर वा मुलीवर अन्याय होण्याचा संभव आहे. निकाल पंचांनी नियमानुसार द्यावा. छायाचित्राने खेळाडूच्या प्रयत्नांची स्मृती जतन करावी. क्षण ओळखणारी जाणती नजर लाभली, तर साध्या साधनानेही हे कार्य उत्तम रीतीने साधेल.