अकरा वेळा, विषमच

२०२१मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत ‘लायपोसोमल’ हे विशेषण घरोघरी पोचलं. औषध जुनंच, अँफोटेरिसिन. फक्त मेदाच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांत बसवलेलं. तसल्याच बुडबुड्यांचा उपयोग टीबीच्या लशीसाठी होतोय असं कळलं, म्हणून ते बनतात कसे हे बघायला एका प्रयोगशाळेत गेले.

संशोधक मुलीनं लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलं, गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये फिरवत सुकवलं. काचेवर पातळ थर धरला. त्यात प्रथिनाचं कोमट द्रावण घालून हलवलं, की दुधासारखं पाणी. खरं काम पुढे. समोरासमोर दोन सिरिंज, मध्ये १०० नॅनोमीटर छिद्रांचा पडदा. अंगठ्यानं दाबत या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये, पुन्हा उलट.

“अकरा वेळा. नाहीच जमलं तर एकवीस. पण विषमच.”

सम झालं तर माल सुरुवातीच्याच सिरिंजमध्ये परतणार, आणि तिथे न गाळलेले मोठे कण चिकटलेले असतात. अकराव्या खेपेला पाणी विरळ होऊन त्यावर निळसर झाक आली. तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय.

क्षयाचा जंतू भक्षकपेशीतच ठाण मांडतो. प्रतिपिंडांचा हात तिथे पोचत नाही, टी-पेशीच हव्यात. लायपोसोमही भक्षकपेशी आपणहून गिळते, आतल्या प्रथिनाचे तुकडे पृष्ठभागावर मांडते, आणि ते बघून टी-पेशी शिकतात.

माणसांवरच्या चाचण्यांत आघाडीवर आहे ‘एम७२/एएस०१ई’. तिथे प्रथिन बुडबुड्याच्या आत नसतं. लायपोसोममध्ये असतात ते रोगप्रतिकारशक्तीला डिवचणारे दोन पदार्थ. त्यातला एक चिलीतल्या झाडाच्या सालीतून येतो. मोकळा सोडला तर तो पेशीच फोडतो, कोलेस्टेरॉल त्याला आवरतं. दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबियात सुमारे साडेतीन हजार प्रौढांवर चाचणी झाली. तीन वर्षांत लस घेतलेल्यांत १३ जणांना क्षय झाला, न घेतलेल्यांत २६ जणांना. म्हणजे सुमारे ५० टक्के संरक्षण. पण ही टक्केवारी उभी आहे अवघ्या ३९ रुग्णांवर! २०२४मध्ये सुरू झालेली, वीस हजारांपर्यंत लोक घेणारी चाचणी काय सांगते ते पाहायचं. तोवर मी ‘५० टक्के’ हा आकडा जपूनच उच्चारेन.

मुलीला माझी शंका पटली नाही. “बीसीजी १९२१ची आहे,” ती म्हणाली. “मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीत तिचा भरवसा नाही. शंभर वर्षांत तिच्या जागी दुसरी कुठली आली, सांगा ना.”