सेक्रेटरी विकत मिळतो का?

रात्री साडेदहाला टाकीचं पाणी संपलं, की मुरबाडच्या किंवा आसनगावच्या इमारतीत एकच फोन वाजतो, सेक्रेटरीचा. बिचारा पहाटे कल्याणची एसटी नाहीतर कसारा लोकल पकडणारा नोकरदार. पंपाची मोटर जळलेली, वायरमन फोन उचलत नाही, आणि खालून कुणी तरी ओरडतं, 'मेंटेनन्स कशाला घेता मग?' पुढच्या सभेत सूचना ठरलेलीच: ठाण्यासारखं आपणही सोसायटी सांभाळणाऱ्या कंपनीला काम देऊन टाकू.

कंपनी बिलं काढेल, थकबाकीची नोटीस पाठवेल, वॉचमन पुरवेल, टाकी धुऊन घेईल. जबाबदारी मात्र तिच्याकडे जात नाही. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यापुढे उत्तर द्यायचं ते कमिटीनेच, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची तीही तिनेच.

खरं दुखणं पैशाचं आहे. आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सगळ्या घरांना सारखं आणि पाणी नळजोडांप्रमाणे. त्याशिवाय फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर दरवर्षी किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड. बांधकाम दहा लाखांचं धरा. वर्षाला दहा हजार, म्हणजे महिन्याला ८३३ रुपये झाले. यात वॉचमनचा पगार नाही, जिन्यातला दिवा नाही. पाचशे रुपयांत सगळं भागवणारी सोसायटी स्वस्त नसते, ती इमारत झिजवून खात असते.

त्यात मुंबईकरांचे कुलूपबंद फ्लॅट. 'राहतच नाही, तर पैसे कसले?' घर भाड्याने दिलं, तर सेवा शुल्काच्या फार तर १० टक्के बिनभोगवटा शुल्क लागतं. नुसतं कुलूप असेल तर ते नाही, पण मेंटेनन्स पूर्ण. थकवलं तर सरळव्याज लावता येतं, आणि निबंधकांकडून वसुली दाखलाही मिळतो. तो मागायचा, तर हिशेब चोख हवा. आपल्याकडे नेमकी तिथेच बोंब.

पण हिशेबासाठी सोळा घरांच्या लहान सोसायटीला कंपनी परवडायची नाही, गरजही नाही. शेजारच्या तीन-चार सोसायट्यांनी मिळून एक अकाउंटंट आणि एक पंपवाला बांधून घ्यावा, एवढं पुरे. यंदाच्या सभेला मात्र जा, आणि सिंकिंग फंडाची ठेव पावती दाखवायला सांगा.