चेंडू द्या, पण हजेरीची वहीही ठेवा



विष्णुपुरी म्हटले की धरण, विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज आणि मोठे सरकारी रुग्णालय आठवते. याच परिसरातल्या आणि नांदेडच्या वस्त्यांत एक मूल असे असते, की ते कोणत्याच यादीत नसते. आईवडील गेले म्हणून ते आजीकडे किंवा मावशीकडे राहते. आपल्यात अशा मुलाला कोणी अनाथ म्हणत नाही. हा आपल्या माणसांचा मोठेपणा आहे. पण ते मूल उपाशी आहे, शाळेत जात नाही, चिंधीला लावलेले सोल्युशन हुंगू लागले आहे, हे म्हाताऱ्या आजीला फार उशिरा कळते. रुग्णालयात येते तेव्हा दुखणे वाढलेले असते.

अशी मुले सभेला येत नाहीत, शिबिराला येत नाहीत. चेंडू दिसला की मात्र येतात. हे नागपूरने दाखवून दिले आहे.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली पावसात झोपडपट्टीतली पोरे फुटकी बादली लाथांनी खेळवताना पाहिली. खेळात असेपर्यंत ही पोरे नशेपासून लांब राहतात, हे त्यांनी हेरले. त्यांनी चेंडू दिला आणि ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केला. त्याचीच पुढे ‘स्लम सॉकर’ ही संस्था झाली. तिची मुले बेघरांच्या विश्वचषकात भारताकडून खेळली आणि 2016 साली जागतिक फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, तिला विविधता पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा 2022 सालचा ‘झुंड’ चित्रपट याच कामावर बेतलेला आहे. त्यातली जयंती पाहून आपल्या कितीतरी घरांत डोळे भरून आले असतील.

मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगरात वाढलेल्या अशोक राठोड यांनी ‘ऑस्कर फाउंडेशन’ उभे केले. त्यांचा नियम एका ओळीचा आहे: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. चेंडूसाठी पोरे शाळेत टिकतात.

दोन्हीकडे चेंडू हे निमित्त आहे. खरे काम करते ते रोज ठरल्या वेळी मैदानावर उभे राहणारे मोठे माणूस. आज कोण आले नाही, हे ते पाहते. ज्याच्या घरी विचारणारे कोणी नाही, त्या मुलाला ‘काल का नाही आलास रे?’ असे विचारणारे कोणीतरी मिळते.

म्हणून विहाराच्या पटांगणात चेंडू आणाल तेव्हा सोबत एक वहीही आणा. मोठे मैदान लागत नाही. बेघरांच्या विश्वचषकात एका बाजूला चारच खेळाडू मैदानात असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. मुलीही खेळतील अशी वेळ ठेवा. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसे असावीत, त्यातली एक महिला. कोणत्याही मुलाला एकट्याने कोणाच्या ताब्यात देऊ नका.

वहीत नाव, वय, शाळा आणि घरी कोण आहे एवढे लिहा. मग आरोग्याचे पाहा.

रक्त: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरपैकी सुमारे 69 मुलांत रक्त कमी आढळले. हीच मुले पुढे मैदानावर येतात. डोळ्याची खालची पापणी आतून पांढुरकी असेल, थोडे पळताच धाप लागत असेल, तर आधी तपासणी करा. शाळेत आणि अंगणवाडीत लोहाची गोळी फुकट मिळते. दहा ते एकोणीस वर्षांसाठी आठवड्याला एक निळी गोळी असते. ती जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको.

जंत: अनवाणी खेळणाऱ्याच्या तळव्यातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नका. चपला-बूट नसतील तर काचा वेचून मैदान साफ करा. धनुर्वाताची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची असते. ती दिली का, हे वहीत लिहा.

खाणे: उपाशी पोराला पळवू नका. मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, किंवा मटकीची उसळ आणि भाकरी पुरे. महिला मंडळाने वार वाटून घ्यावेत.

ऊन: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत खेळ संपवा. पाण्याची घागर मैदानावरच असू द्या.

इजा: पाय मुरगळला तर चोळू नका. थंड पाण्याची पट्टी लावा, पाय उंच ठेवा. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी, झोपाळूपणा किंवा बरळणे दिसले तर थेट रुग्णालय गाठा.

वहीत ज्याच्या नावापुढे आई किंवा वडील नाहीत, त्याच्यासाठी शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात महिन्याला 2,250 रुपये मिळतात. मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक घेऊन जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जा. आजीला एकटीला पाठवू नका, तिच्यासोबत वस्तीतला शिकलेला मुलगा किंवा मुलगी द्या. मूल संकटात असेल तर 1098 हा फोन फुकट आहे.

जयंतीला बूट वाटून फोटो काढणारे पुष्कळ येतात. त्यांनी दिलेले बूट घ्यावेत, पण ते बूट सहा महिन्यांत फाटतात. बुद्धांनी शिकवलेली करुणा म्हणजे कीव नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकवले, उपकार नव्हे. गोळी, लस आणि योजनेचे पैसे हे या मुलांचे हक्काचे आहेत. ते त्यांच्यापर्यंत पोचवायला वस्तीतलीच चार माणसे लागतात.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की हा विषय काढा. चेंडू कोण आणणार, संध्याकाळी पाच वाजता मैदानावर कोण थांबणार आणि वही कोणाकडे राहणार, ही तीन नावे त्याच बैठकीत ठरवा.

नमो बुद्धाय! जयभीम!