धांवणें थांबल्यावर

पहाटेचे साडेपांच वाजलेले असतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे दिवे अद्याप मालवलेले नसतात, आणि समुद्राच्या कठड्याच्या बाजूनें माणसें एकामागून एक धांवत जात असतात. हें दृश्य आतां कोणाला नवें राहिलेलें नाहीं. त्यांत वकील असतात, बँकेंतले कारकून असतात, शाळामास्तर असतात, आणि घरचीं माणसें उठण्यापूर्वीं एक तास स्वतःसाठीं राखून ठेवणाऱ्या गृहिणीहि असतात. २००४ सालीं सध्यांच्या स्वरूपांत सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉननें हा नाद पुष्कळ घरांत पोंचविला. हीं माणसें धांवण्यावर पोट भरीत नाहींत. तीं केवळ हौशी आहेत. परंतु हौस म्हणजे हलकी गोष्ट, असें मात्र कोणीं समजूं नये.

असा एखादा पंचेचाळिशींतला गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. आठ-दहा वर्षें त्यानें नेमानें धांवण्याचा परिपाठ ठेवला आहे. एके दिवशीं जिना उतरतांना त्याच्या गुडघ्यांत कळ येते. तो चार दिवस थांबतो, गुडघ्याला पट्टा बांधतो, आणि पुन्हां धांवूं लागतो. कळ वाढते. अखेर डॉक्टर गुडघा तपासून सांगतात कीं, आंतल्या गादीची झीज झाली आहे. निदान सहा महिने धांवणें बंद, आणि लांबची धांव तर विसरलेलीच बरी. घरच्यांना यांत फारसें कांहीं गेलें असें वाटत नाहीं. ‘धांवूं नका म्हणजे झालें, चालतां येतें आहे ना?’ असें ते म्हणतात. परंतु त्या गृहस्थाचें जें गेलें तें गुडघ्यापुरतें नसतें. दिवसांतील जो एक तास कोणाच्याहि हुकुमाखालीं नव्हता, तो गेला. त्या तासाबरोबर गाढ झोंप गेली, भूक गेली, कचेरींतील कटकट हंसून सोसण्याचें बळ गेलें. तेव्हां ‘आतां पुढें काय?’ हा त्याचा प्रश्न पोरकट नव्हे. त्याला उत्तर मिळालें पाहिजे, आणि शरीरशास्त्रानें तें बऱ्याच अंशीं दिलेलेंहि आहे.

प्रथम गुडघा कां कुरकुरतो तें पाहिलें पाहिजे. धांवणारा मनुष्य प्रत्येक पावलाला क्षणभर अधांतरीं असतो व मग एका पायावर उतरतो. त्या क्षणीं जमिनीकडून पायाला मिळणारा धक्का शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका असतो. एका किलोमीटरला सुमारें एक हजार पावलें पडतात, ४२.१९५ किलोमीटरांच्या मॅरेथॉनमध्यें तीं चाळीस हजारांच्या आसपास जातात. निरोगी गुडघा हें ओझें सोसतो. किंबहुना बेताचें ओझें हाडांना हितकारकच असतें. घोटाळा होतो तो निरनिराळ्या अवयवांच्या वाढीचा वेग सारखा नसल्यामुळें. नियमित व्यायामानें कांहीं आठवड्यांतच हृदय बळावतें, दम वाढतो, स्नायूहि लवकर जोर धरतात; परंतु स्नायूंना हाडांशीं जोडणारे बंध बळकट होण्यास महिनेच्या महिने लागतात, आणि सांध्यांतील कूर्चेला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसल्यामुळें तिची झीज भरून येणें फारच कठीण. इंजिन नवें व जोरदार, रूळ मात्र जुनेच, अशी ही स्थिति होय. उत्साहाच्या भरांत मनुष्य इंजिनाचें ऐकतो, रुळांचें ऐकत नाहीं.

आशेची जागाहि यांतच आहे. रूळ नादुरुस्त झाले तरी इंजिन शाबूत असतें. तें मात्र स्वस्थ ठेवून चालत नाहीं. पूर्ण विश्रांति घेतल्यास दोन-चार आठवड्यांतच दम कमी होऊं लागतो. तेव्हां पायांवर आघात न होतां हृदयाला काम मिळेल, असा व्यायाम हवा. डॉक्टरांची अनुज्ञा मिळाल्यावर असे दोन व्यायाम सहज सांपडतात : एक पोहण्याचा, दुसरा सायकलीचा.

पाण्याचा गुण आर्किमिडीजनें फार पूर्वीं सांगून ठेवला आहे. बुडालेली वस्तु जेवढें पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला खालून मिळतो. मनुष्य कमरेइतक्या पाण्यांत उभा राहिला, तर त्याच्या पायांवर सुमारें निम्माच भार उरतो. छातीइतक्या पाण्यांत जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि गळ्याइतक्या पाण्यांत अवघा दहावा. आडवें होऊन पोहूं लागल्यावर तर पायांवर भार असा उरतच नाहीं. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा अडीच भागांनीं जड असतें, म्हणून तेथें शरीर आणखी सहज तरंगतें. उलटपक्षीं, हेंच पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट दाट असतें, आणि वेग दुप्पट करावयाचा तर त्याचा विरोध चौपट होतो. तेव्हां सांध्यांना ओझें नाहीं पण हृदयाला मेहनत भरपूर, असा हा व्यायाम आहे.

तथापि येथेंच धांवपटूची पहिली फजिती होते. जो दोन तास न थांबतां धांवत असे, तोच तलावांतील पंचवीस मीटरांत धापा टाकूं लागतो, आणि शेजारून एखादी सत्तरीची आजीबाई संथपणें त्याच्या पुढें निघून जाते. त्याचा दम कोठें गेला? दम आहे तेथेंच आहे. तो वायां जात आहे. धांवतांना श्वास हवा तेव्हां घेतां येतो. पाण्यांत तो हाताच्या फेऱ्याशीं जुळवून घ्यावा लागतो, आणि तोंड पाण्यांत असतांनाच श्वास सोडला नाहीं तर वर आल्यावर नवा घेण्यास वेळ उरत नाहीं. शिवाय धांवपटूचे घोटे बहुधा ताठ असतात. त्याचे पाय खालीं लोंबतात, आणि सारें शरीर नांगर टाकलेल्या होडीसारखें जागच्या जागीं अडतें. यावर उपाय जोर वाढविणें हा नव्हे. डोकें खालीं ठेवणें, शरीर आडवें राखणें व घाई सोडणें हा आहे. येथें एक सूचना महत्त्वाची वाटते. बेडकासारखे पाय फांकवून मारण्याची जी पद्धति आहे, तिनें गुडघ्याच्या आंतल्या बाजूस ताण बसतो. गुडघा दुखावलेल्यानें ती टाळावी, आणि पाय जवळजवळ सरळ ठेवून ते वरखालीं हलविण्याची फ्रीस्टाइल पद्धति धरावी.

तलावांत पोहतां आलें म्हणजे समुद्रांतहि आलें, असें मात्र नव्हे. तलावाच्या तळाशीं रेघ आंखलेली असते, कडेला भिंत असते. मोकळ्या पाण्यांत दोन्ही नसतात. अधूनमधून डोळे वर काढून किनाऱ्यावरील एखादें देऊळ, दीपगृह किंवा उंच झाड यांची खूण पाहिली नाहीं, तर पोहणारा नकळत भलतीकडेच जातो. कोंकणच्या किनाऱ्यावर दिवसाकाठीं दोनदां भरती व दोनदां ओहोटी होते, आणि त्यांची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें, तेव्हां पाण्याची ओढ जबरदस्त. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हां ती कमी. कोळी लोकांना हें सर्व मुखोद्गत असतें; शहरच्या माणसानें तें त्यांस विचारून घेण्यांत कमीपणा नाहीं. पावसाळ्याच्या महिन्यांत तर समुद्रांत उतरूंच नये. किनाऱ्यापासून दूर ओढणाऱ्या प्रवाहांत सांपडल्यास त्याच्याशीं समोरासमोर झुंजूं नये. किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या पट्ट्याबाहेर पडावें, आणि मग तीराकडे वळावें. कोंकणचा समुद्र इंग्लंडच्या समुद्रासारखा थंडगार नसतो. येथें काळजी घ्यावयाची ती उन्हाची, तहानेची व जेलीफिशची. भडक रंगाची टोपी, कमरेला बांधलेला तरंगता फुगा, आणि जवळ जाणती सोबत किंवा होडी, हें सर्व हवेंच. एकट्यानें जाणें हें धैर्य नव्हे, अविचार होय. धांवतांना दमलेल्याला रस्त्याच्या कडेला बसतां येतें. समुद्रांत बसावयास जागा नसते.

सायकलीची गोष्ट निराळी. तेथें शरीराचें वजन बहुतांशीं सीटवर असतें. पाय फिरतात, पण आपटत नाहींत. मात्र सायकल कशीहि चालविली तरी गुडघ्याला मानवते, असें समजणें चूक आहे. सीट फार खालीं असेल तर गुडघा अधिक वांकतो व वाटीच्या मागें दाब वाढतो. फार उंच असेल तर कंबर डुलते व गुडघ्याच्या मागील बाजूस ताण बसतो. पायडल अगदीं खालीं असतांना गुडघ्याला २५ ते ३५ अंशांचा बांक राहील, इतकी सीटची उंची असावी. जड गिअरवर रेटा देण्यापेक्षां हलका गिअर घेऊन मिनिटाला ऐंशी-नव्वद फेरे मारणें सांध्यांना सोसतें. सुरवातीस सपाट रस्ता बरा. घाट पुढें आहेतच.

हे नियम सांगणें सोपें आहे. कठीण आहे तो धांवपटूचा स्वभाव. ज्या घाईनें त्यानें गुडघा गमावला, तीच घाई तो पाण्यांतहि नेतो. दोन महिन्यांत दोन किलोमीटर पोहण्याच्या हट्टानें खांदा दुखूं लागतो, आणि रोग बरा न होतां केवळ जागा बदलतो. म्हणून कोणतेंहि अंतर हळूहळू वाढवावें, आणि आठवड्यांतून एखादा दिवस पूर्ण विसांवा घ्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाणी व सायकल हीं हाडांना आघातापासून वांचवितात, परंतु त्यामुळेंच हाडांना बळकटी आणणारा भारहि नाहींसा होतो. तेव्हां डॉक्टर परवानगी देतील तेव्हां व तितकें चालणें, आणि मांड्यांचे व नितंबांचे स्नायु बळावतील असा व्यायाम, हीं सोडूं नयेत.

दुखापतीमुळें मार्ग बदलावा लागलेल्यांचीं मोठीं उदाहरणें आहेत. १९८४ सालीं अमेरिकेच्या जोन बेनॉइट या धांवपटूच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हां ऑलिंपिकच्या निवडशर्यतीला अवघे सतरा दिवस उरले होते. पाय चालेनात तेव्हां तिनें सायकलीचीं पायडलें हातांनीं फिरवून दम टिकविला. निवडशर्यत जिंकली, आणि त्याच वर्षीं लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिलीच ऑलिंपिक मॅरेथॉनहि जिंकली. तिला पुन्हां धांवतां आलें. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांचें तसें नव्हतें. ते सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते कायमचे अपंग झाले, आणि जुना खेळ संपला तो संपलाच. ते पोहण्याकडे वळले. १९७२ सालीं पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेंत ५० मीटरांच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. या स्पर्धांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्यांचा पल्ला लांबचा नव्हता; परंतु गेलेल्या खेळाचा शोक करीत न बसतां नव्या खेळांत अक्षरशः ओनाम्यापासून आरंभ करण्याचें धैर्य त्यांत आहे, आणि हौशी माणसाला हवें आहे तें तेंच.

हौशी माणसासाठीं आतां वाटाहि मोकळ्या झाल्या आहेत. पोहणें, सायकल व धांवणें एकत्र करणारी ट्रायथलॉन ही शर्यत १९७४ सालीं अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें एका धांवपटूंच्या मंडळानेंच प्रथम भरविली. पुढें तिच्यांतून धांवणें वगळून केवळ पोहणें व सायकल ठेवणारा ॲक्वाबाइक हा प्रकार निघाला. २०१७ सालीं कॅनडांतील पेंटिक्टन येथें त्याची जागतिक स्पर्धाहि झाली. महाराष्ट्रांत मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात. सायकलस्वारांसाठीं ब्रेव्हे नांवाची २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांची लांब रपेट असते. २०० किलोमीटरांना साडेतेरा तासांची मुदत मिळते. तींत पहिला-दुसरा असा क्रम लावीत नाहींत. ठरल्या वेळेंत पुरी करणारा प्रत्येक जण सारखाच मानकरी. ज्याचा गुडघा घाईनें गेला, त्याच्यासाठीं याहून चांगली शाळा क्वचितच मिळेल.

असा तो पंचेचाळिशींतला गृहस्थ पुन्हां पहांटे उठूं लागतो. आठवड्यांतील तीन दिवस तलावावर, दोन दिवस सायकलीवर. त्याचा गुडघा पूर्वींसारखा झाला, असें नव्हे; जिना उतरतांना तो अजूनहि कठड्याला हात लावतो. वर्षभर शिकल्यानंतर, भांगाचा दिवस पाहून आणि सोबत होडी घेऊन, तो प्रथमच समुद्रांत अर्धा तास पोहतो. किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी असलेली त्याची पत्नी त्याची भडक टोपी लाटांत दिसेनाशी झाली कीं श्वास रोखून धरते, व ती पुन्हां दिसली कीं सोडते. घरच्या मंडळींनीं ‘पुरे झालें आतां’ असें म्हणण्यापूर्वीं, त्याला एवढी सोबत द्यावी. आणि त्यानें, घरीं परत येण्याचें अंतर राखूनच, रोज पाण्यांत उतरावें.