पोटाला चालते ते फुफ्फुसाला चालत नाही

एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव इंग्लंडमध्ये शिकतात. मुलाने सिगारेट सोडली म्हणून घरी सर्वांना आनंद झाला होता. पण आता तो बॅटरीवर चालणारी नळी ओढतो, आणि त्या नळीत भरायचे द्रव स्वतःच्या खोलीत तयार करतो, असे त्यांना कळले. “व्हॅनिला, आंबा, कस्टर्ड अशा स्वादांचे मिश्रण करून तो बाटल्या कपाटात मुरत ठेवतो. खाण्याचाच इसेन्स आहे, त्याने काय होते, असे म्हणतो. हे खरे आहे का?” असा त्यांचा प्रश्न आहे. तालुक्याच्या गावांतूनही मुले आता परदेशी शिकायला जातात. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

नळीत असते काय?

आज वापरात असलेली ई-सिगारेट चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. तिच्यात बॅटरी, तारेचे छोटे वेटोळे आणि द्रव शोषणारा कापूस असतो. तार तापली की द्रवाचे बारीक तुषार होतात. धुरासारखे दिसते ते हेच. याला वेपिंग म्हणतात.

द्रवात चार गोष्टी असतात. पहिली ग्लिसरीन, जे आपण फुटलेल्या ओठांना लावतो. दुसरी प्रोपिलीन ग्लायकॉल, जे औषधे विरघळवण्यासाठी वापरले जाते. तिसरा स्वादाचा अर्क. आणि चौथे निकोटीन, म्हणजे तंबाखूची सवय लावणारे द्रव्य.

घरी का करतात?

स्वस्त पडते आणि हवा तो स्वाद मिळतो, म्हणून. ब्रिटनमध्ये २०१६ साली आलेल्या नियमांनुसार निकोटीनच्या द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. त्यामुळे दुकानात ५० मिलिलिटर बिननिकोटीनचे द्रव ६० मिलिलिटरच्या बाटलीत मिळते. १८ मिलिग्रॅमची १० मिलिलिटरची छोटी बाटली त्यात ओतायची आणि हलवायचे. एकूण १८० मिलिग्रॅम निकोटीन ६० मिलिलिटरमध्ये पसरते, म्हणजे मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम. हौशी मंडळी याच्याही पुढे जातात. ग्लिसरीन, ग्लायकॉल आणि अर्क वेगवेगळे आणून, सिरिंजने मोजून किंवा वजनकाट्यावर तोलून, सगळे मिश्रण स्वतः करतात.

मग येते मुरवणे. फळांच्या स्वादाला काही दिवस पुरतात. कस्टर्ड, व्हॅनिला अशा स्वादांच्या बाटल्या दोन ते चार आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवतात आणि अधूनमधून हलवतात. द्रव हळूहळू पिवळसर, मग तपकिरी होते. लोणचे मुरावे तशी चव मिळून येते, हे खरे. पण रंग बदलतो याचा अर्थ आत रासायनिक क्रिया चालू असते. हवेशी संयोग होऊन निकोटीन काळवंडते. शिवाय व्हॅनिलासारख्या स्वादातील अल्डिहाइडे प्रोपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून नवीन संयुगे तयार होतात. अमेरिकेतील येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवून दिले. ही संयुगे श्वासमार्गातील चुरचुर जाणवणाऱ्या ज्ञानतंतूंना चेतवतात, असेही त्यांना आढळले. मुरल्याने द्रव निरुपद्रवी होते, असे कोणी मानू नये.

खाण्याचा अर्क, ओढण्याचा अर्क

आता मुख्य मुद्दा. अन्नात घातलेला अर्क जठरात जातो, आतड्यांतून यकृताकडे जातो, आणि तेथे त्यावर प्रक्रिया होते. फुफ्फुसात अशी चाळण नाही. वायुकोशाचे पातळ अस्तर ओलांडले की पदार्थ थेट रक्तात मिसळतो, किंवा तेथेच राहून इजा करतो.

याचे बोलके उदाहरण पॉपकॉर्नच्या कारखान्याचे आहे. लोण्याचा वास देणारे डायअॅसिटिल खाण्यात सर्रास वापरले जाते. अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यात काम केलेल्या आठ जणांना फुफ्फुसाचा गंभीर आजार असल्याचे २००० साली उघडकीस आले. त्यांनी ते पॉपकॉर्न खाऊन नव्हे, तर लोण्याच्या अर्काची वाफ हुंगून हा आजार ओढवला होता. त्यात बारीक श्वासनलिका आक्रसून जातात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ५१ स्वादांची ई-सिगारेटची द्रवे तपासली, तेव्हा ३९ मध्ये डायअॅसिटिल सापडले. सिगारेटच्या धुरातही ते असते, हे सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये तयार द्रवात ते घालण्यास मनाई आहे. पण केकचा इसेन्स आणून घरी मिसळणाऱ्याच्या बाटलीवर ही राखण कोण करणार? अमेरिकेतील स्वाद-अर्क उत्पादकांच्या संघटनेनेही स्पष्ट केले आहे की, अर्क सुरक्षित असल्याचा त्यांचा निर्वाळा खाण्यापुरता आहे, ओढण्यासाठी नाही.

तेलाचे तर विचारूच नका. तेलात विरघळलेला अर्क ओढला तर फुफ्फुसात तेल साचून न्यूमोनिया होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपिंग करणारी माणसे दम लागून रुग्णालयांत येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काचे द्रव ओढले होते, आणि ते पुष्कळदा चोरट्या बाजारातून आणलेले होते. द्रव दाट करण्यासाठी त्यात घातलेल्या ई जीवनसत्त्वाच्या अॅसिटेटशी या आजाराचा घनिष्ठ संबंध आढळला. कॅप्सूलमधून गिळले तर चालणारे ई जीवनसत्त्वच ते!

निकोटीनची बाटली

घरात लहान मूल असेल तर सर्वांत मोठा धोका येथे आहे. काही देशांत मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम इतके तीव्र निकोटीन विकत मिळते. चहाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ५०० मिलिग्रॅम झाले. प्रौढ माणसाची घातक मात्रा अर्धा ते एक ग्रॅम असावी, असा अंदाज ऑस्ट्रियातील एका औषधशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मांडला. मुलाला याहून फार कमी पुरते. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल असे द्रव पोटात जाऊन दगावले. त्यानंतर २०१६ च्या जानेवारीत मुलांना उघडता न येणारे झाकण बंधनकारक करणारा कायदा अमेरिकेत झाला.

निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरते. मळमळ, उलट्या, घाम, लाळ सुटणे, छातीत धडधड ही पहिली लक्षणे. पुढे झटके येतात, श्वास मंदावतो. अंगावर सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावे. पोटात गेले तर उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मग चिरंजीवांना काय सांगावे?

ब्रिटनची आरोग्य सेवा सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना वेपिंगचा पर्याय सुचवते, कारण जळत्या तंबाखूपेक्षा त्यात अपाय कमी आहे. पण हे नियमात बसणाऱ्या तयार द्रवाबद्दल आणि सिगारेट पूर्ण सोडणाऱ्याबद्दल आहे. म्हणून मुलाला रागावू नका. सिगारेट सुटली हे मोठेच काम झाले, असे म्हणा. मात्र स्वयंपाकाचा इसेन्स व तेलकट अर्क बंद करायला सांगा. तीव्र निकोटीन घरात ठेवू नये, आणि हातमोजे घातल्याशिवाय हाताळू नये. निकोटीनची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून शेवटी नळीही सोडावी. धाप, सततचा खोकला किंवा छातीत दुखणे असेल तर तेथील डॉक्टरांना वेपिंगची माहिती लपवू नये. आणि सुटीवर येताना हे साहित्य आणू नये. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठा यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

“घरचे आहे, त्यात काय भेसळ?” हा विश्वास पापड-लोणच्यापुरता ठीक आहे. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्रीही घरचीच असते, आणि तिच्यातही निकोटीन असते. मिश्री, खर्रा, बिडी, सिगारेट, काहीही सोडायचे असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. निकोटीनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. ते कसे व किती दिवस घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.